ज्याचा हेवा, त्याचंच सोंग

उर्वशीचं लग्न झालं ते साल २०११. त्याच उन्हाळ्यात मी या घरात आलो. मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. तेव्हा नवा होतो. अंगावर ओरखडा नव्हता आणि मनात कुणाबद्दल काही नव्हतं.

नागभीडपासून थोड्या अंतरावर, धानाच्या बांध्यांनी, म्हणजे भातखाचरांनी, वेढलेलं हे गाव. घर गुणवंतरावांचं. ते आणि त्यांची बायको कमळाबाई शेती करायचे. मोठा मुलगा धनराज ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला होता आणि तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचा. धाकटी उर्वशी लग्न होऊन गडचिरोलीला गेली.

मला कशासाठी आणलं ते ऐकून तुम्हाला हसू येईल. लग्नाच्या शूटिंगची सीडी आली आणि ती लावायला घरात काहीच नव्हतं. धनराज म्हणाला, "सीडीवाली मशीन कायले घ्याची? कॉम्प्युटर घेऊ. सीडी बी दिसन अन् सातबारा बी निघन." चंद्रपूरच्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. वाकळीत गुंडाळून, एसटीच्या मागच्या सीटवर धनराजच्या मांडीशी टेकून मी गावी पोचलो.

पहिल्याच दिवशी घर भरलं. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. मी सीडी लावली. मांडव दिसला, बँड दिसला, मग हळद दिसली. आमच्या भागात नवरीला हळद लागते तेव्हा घरातल्या कामाच्या वस्तूंनाही बोट लावतात. जातं, मुसळ, सूप, सगळ्यांना. तसं लावत लावत कमळाबाई टीव्हीजवळ गेल्या आणि टीव्हीवर ठेवलेल्या एका काळ्या प्लास्टिकच्या डब्याला त्यांनी दोन्ही हातांनी हळद फासली.

सगळे हसले. टाळ्या वाजल्या. "डब्याले पाहा! डबा नवरदेव झाला!" आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडून वळून टीव्हीकडे गेल्या, कारण तो डबा अजून तिथंच बसलेला होता. त्याच्या खाचांत हळद तशीच होती. माझ्या आयुष्यातलं पहिलं काम म्हणजे दुसऱ्याला लागलेली हळद दाखवणं. हेवा काय असतो ते मला त्या दिवशी कळलं.

हा डबा म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा गेम. वर कॅसेट खोचायची, दोन वायरींना दोन रिमोट. दिवाळीनंतर आमच्या या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात, नाटकं होतात. १९९६ सालच्या मंडईत गुणवंतरावांनी तो लेकरांसाठी घेतला होता. पण लेकरं दिवसभर शाळेत. दुपारी भाकरी झाल्यावर कमळाबाईंनी सहज रिमोट हातात घेतला, आणि पुढच्या मंडईपर्यंत गावात त्यांच्यासारखं खेळणारं कुणी उरलं नाही.

पिवळ्या कॅसेटमधला एकच खेळ त्यांचा आवडता. त्यात एक कोंबडा असतो. तो नदीत वाहणाऱ्या ओंडक्यांवरून उड्या मारत पलीकडे जातो. डाव्या हातानं त्याला चालवायचं, उजव्या अंगठ्यानं उडी मारायची. एक नदी झाली की दुसरी येते. कमळाबाई त्यांना आमच्या भागातल्या नद्यांची नावं द्यायच्या, पहिलीला उमा, दुसरीला वैनगंगा. खेळाची एक चाल होती, टिंग टिंग करत वाजणारी. ती त्यांच्या तोंडात बसली. त्या रोवणीला गेल्या की चिखलात वाकून तीच चाल गुणगुणायच्या, आणि बाजूच्या बायका त्या चालीवर रोप लावायच्या. मला हे सगळं नंतर ऐकून माहीत झालं. या घरात दुसरं ऐकायला होतंच काय!

माझी कामाची वर्षंही वाईट गेली नाहीत, असं मी म्हणेन. सातबारा मी काढला. उर्वशीच्या नोकरीचे अर्ज मी भरले. धनराजच्या मुलीचे फोटो मी सांभाळले. मराठी अक्षर मात्र मला फार उशिरा आलं. आधी कुणी मराठीत काही उघडलं की माझ्या पडद्यावर नुसत्या रिकाम्या चौकटी उमटायच्या. पुढं उर्वशीनं माझ्यात अक्षरं भरली, तेव्हा मी 'कमळा' हा शब्द पहिल्यांदा नीट दाखवला. कमळाबाई स्वतःही पोरं मोठी झाल्यावर रात्रीच्या साक्षरता वर्गात लिहायला शिकलेल्या. त्यांनी आपलं नाव माझ्या पडद्यावर बोट ठेवून वाचलं आणि म्हणाल्या, "बरा हाय हा बी."

'हा बी'. पाहा, मित्रांनो. त्या 'बी'मध्ये कोण बसलेला होता ते मला माहीत होतं.

मग घरोघरी मोबाईल आले. माझं काम कमी कमी होत गेलं. जुना टीव्ही जाऊन भिंतीवरचा सपाट टीव्ही आला, तसा डबाही निवृत्त झाला. पण निवृत्ती निवृत्तीत फरक असतो. त्याला कमळाबाईंनी आपल्या जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवलं. मला धानाच्या कोठीजवळ सरकवून माझ्यावर बियाण्याचं रिकामं पोतं टाकलं. दर मंडईत पाहुणे जमले की कुणीतरी म्हणणारच, "कमळाबाई, डबा कुठी गेला? काय खेळत होत्या तुम्ही!" मग तासभर डब्याच्या गोष्टी. मी पोत्याखालून ऐकायचो. माझ्यात चारशे फोटो होते, लग्न होतं, गाणी होती. माझी एक गोष्ट कुणी सांगितली नाही.

२०२३ साली धान कापणीच्या दिवसांत कमळाबाईंना लकवा मारला. बांधीतच त्या बसल्या आणि उठल्या नाहीत. उर्वशीनं धावपळ करून त्यांना गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. देव पावला म्हणायचा. तोंड सरळ झालं, पाय चालायला लागला. उजव्या हाताची बोटं मात्र मिटलेलीच राहिली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "पुढचे चार-सहा महिने बोटांकडून रोज काम करून घ्या. हेच दिवस महत्त्वाचे आहेत. नंतर ती अशीच आखडून जातील."

त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. कमळाबाईंनी तो खाटेखाली सोडून दिला. "लेकरायचा चेंडू मले कायले? मी का लहान हाव?"

शनिवारी धनराज ऊर्जानगरहून आला. त्यानं चेंडू खाटेखाली पाहिला, आईकडे पाहिलं आणि एकदम म्हणाला, "माय, डबा खेळशील का?"

कमळाबाईंच्या डोळ्यांत त्या आजारपणानंतर पहिल्यांदा काहीतरी हललं. "चालू होईन का तो?"

धनराज माळ्यावर चढला. लुगडं सोडलं. डबा होता, कॅसेट होती, रिमोट होते, फक्त त्याचा ॲडॅप्टर उंदरांनी कुरतडलेला. डिश टीव्हीचा एक जुना ॲडॅप्टर पडलेला होता. धनराजनं त्याची पिन डब्यात घालून पाहिली, बसली, आणि बटण दाबलं. डब्यातून आधी वास आला, मग धूर.

गुणवंतराव दारातून ओरडले, "अरे काढ, काढ! साऱ्या महाराष्ट्राले लाईट पुरवणारा माणूस, अन् घरचा डबा जाळून ठेवला!"

"पिन बसली म्हणून लावला, बाबा."

"पिन बसली म्हणून! उद्या बैलाची वेसण मले बसली, तं घालशील का?"

डब्याला जेवढी वीज लागते त्यापेक्षा त्या ॲडॅप्टरची वीज जास्त होती. ॲडॅप्टरवर तसं लिहिलेलं होतं, पण वाचलं कुणी नाही. डबा मेला. त्या क्षणी मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, आता माझ्याकडे बघा.

कमळाबाई म्हणाल्या, "त्याले वर नोका ठेवू आता. इथीच ठेवा, समोर." धनराजनं डबा पुसून त्यांच्या खाटेसमोरच्या फळीवर ठेवला. मेल्यावरही त्याला समोरची जागा मिळाली.

आणि मग धनराजची नजर पोत्याकडे गेली. "माय, थांब. कॉम्प्युटरवर होते ना हे!"

मित्रांनो, माझ्यावरचं पोतं निघालं तेव्हा मी किती वर्षांनी उजेड पाहिला ते मला आठवत नाही. बटण दाबल्यावर मी सुरू झालो, घरघरलो आणि बंद पडलो. पुन्हा तेच. धनराजनं माझी पेटी उघडली, तर पंख्यात धानाचा कोंडा गच्च भरलेला. मी तापत होतो आणि जीव वाचवायला स्वतःच बंद होत होतो. गुणवंतरावांनी सायकलचा पंप आणला. धनराजनं पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवलं आणि बाप-लेकानं मिळून माझ्या पोटातला कोंडा फुंकून काढला. कोंबड्या धावत आल्या आणि तो टिपायला लागल्या. त्यानंतर मी व्यवस्थित चाललो.

आता पुढचं नीट ऐका. मोबाईलच्या इंटरनेटवरून धनराजनं माझ्यात दोन गोष्टी घातल्या. पहिली, एम्युलेटर. मंडईच्या नाटकात गावचा शिंपी राजा होतो, तसं एका यंत्रानं दुसऱ्या यंत्राचं सोंग घ्यायचं, म्हणजे एम्युलेटर. मी डबा व्हायचं होतं. डब्यासारखं बोलायचं, डब्यासारखी चित्रं दाखवायची. दुसरी गोष्ट फ्रंटएंड. म्हणजे नाटकाआधी पडद्यापुढे येऊन आज काय आहे ते सांगणारा माणूस. तो पडद्यावर खेळांची चित्रं मांडतो. अक्षर वाचावं लागत नाही, रिमोटनं चित्र निवडलं की खेळ सुरू.

ज्याचा मला बारा वर्षं हेवा वाटत होता, त्याचंच सोंग मला घ्यायचं होतं. नाही कसं म्हणणार? पोत्याखाली परत जायचं नव्हतं. मी ठरवलं, सोंग असं वठवायचं की मूळ राजा कुणाच्या लक्षातही राहू नये.

पिवळ्या कॅसेटमधला खेळ धनराजच्या वीज केंद्रातल्या सुनीलनं त्याच्याजवळच्या यंत्रानं उतरवून दिला. पुढच्या शनिवारी धनराज तो घेऊन आला. सोबत कॉम्प्युटरला जोडता येईल असा जुन्या घडणीचा रिमोटही होता. उर्वशीही आली होती. खेळ माझ्यात ठेवला, फ्रंटएंड उघडलं, आणि पडदा कोरा. एकही चित्र नाही.

"खेळ कुठी गेला, दादा?"

"इथीच तं ठेवला."

तासभर शोधल्यावर कळलं. धनराजनं ज्या कप्प्यात खेळ ठेवला होता, त्याला प्रेमानं मराठीत 'माय' नाव दिलं होतं. मला मराठी येत होतं, पण त्या फ्रंटएंडला येत नव्हतं. त्याला तो कप्पा दिसतच नव्हता. इंग्रजी अक्षरांत नाव लिहिल्यावर कोंबड्याचं चित्र आलं. पण खेळ सुरू केला, तर कोंबडा आडवा पसरलेला.

उर्वशी पोट धरून हसली. "दादा, हा कोंबडा आहे का बदक?"

"पडदा रुंद हाय ना, म्हणून ताणला गेला."

त्यानं चित्राची रुंदी जुन्या टीव्हीसारखी केली. कोंबडा ताठ उभा राहिला. मग उडीचं बटण दाबलं की कोंबडा खाली बसायचा, कारण रिमोटची बटणं माझ्यात उलटी नोंदली गेली होती. ती सरळ केली. आवाज उडीच्या मागून यायचा, तोही जागेवर आणला. चार वाजेपर्यंत सगळं झालं. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, ना मुंग्या, ना खरखर. डब्याला असं चित्र सात जन्मांत दाखवता आलं नसतं. मी फुगलो होतो.

कमळाबाईंना उशी देऊन बसवलं. रिमोट हातात दिला. उजवा अंगठा उर्वशीनं उचलून उडीच्या बटणावर ठेवला.

कोंबडा चालला. पहिला ओंडका आला. कमळाबाईंचा अंगठा थरथरत दबला. कोंबडा नदीत पडला.

"होते, माय. पुन्हा मार."

पुन्हा पडला. पुन्हा. पहिली नदी, जी त्या गप्पा मारता मारता ओलांडायच्या, ती पार होईना. अंगठा दाबला जात होता, हे मला माहीत होतं. बटणाचा निरोप मला मिळत होता. पण दर वेळी निरोप यायचा तो ओंडका निघून गेल्यावर.

कमळाबाईंनी रिमोट मांडीवर टाकला. डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि पदराखाली झाकून टाकला.

"डोस्क्यात उडी बरोबर येते. अंगठा बी दाबतो मी. तरी पडते. माझा हात मेला रे बावा. उगा सतावू नोका मले."

त्या दिवसापासून त्यांनी हाताकडे पाहणंच सोडलं. चेंडू नाही, तेल नाही, व्यायाम नाही. धनराज पुढच्या दोन शनिवारी आला, माझ्यात काय काय बदलत राहिला, पण त्यांनी रिमोटला हात लावला नाही. आधी त्या डाव्या हातानं तरी जेवायच्या. आता ताट समोर आलं की नुसत्या बसायच्या. शेवटी गुणवंतराव भाताचा घास करून त्यांच्या तोंडात घालायला लागले. दोघंही एकमेकांकडे न बघता. डॉक्टरांनी सांगितलेल्या महिन्यांतले दिवस चालले होते आणि बोटं आतल्या आत आखडत होती. उर्वशी सुट्टी टाकून राहायला आली ती या भीतीनं.

आणि मी? मला वाटत होतं, दोष माझा नाही. मी तर डब्यापेक्षा चांगला आहे. ती समोरच्या फळीवरची जळकी वस्तू आजही माझ्यावर हसते आहे, असं मला वाटायचं. कमळाबाई डोळे उघडल्यावर आधी तिच्याकडे बघायच्या.

एका दुपारी उर्वशी स्वतःच खेळायला बसली. आईला हुरूप येईल, असा तिचा बेत. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. तेवढ्यात शेजारच्या इतवारीबाई आल्या. कमळाबाईंच्या जुन्या मैत्रीण, रोवणीतल्या सोबतीण. दारातच थबकल्या.

"अवं उर्वशे, हा कोंबडा काऊन इतका धावून राह्यला? मागं कुत्रं लागलं का त्याच्या?"

"तोच कोंबडा आहे, काकू. तुमच्या वेळचाच."

"नाई वं. तो आपला डुलत डुलत जाये. याचं तं गाणं बी पळून राह्यलं. या गाण्यावर रोप लावलं असतं, तं साऱ्या बायायची कंबर मोडली असती!" असं म्हणून इतवारीबाई खाटेच्या कडेला बसल्या, हवेत रोप लावल्यासारखा हात हलवला आणि ती चाल गुणगुणायला लागल्या. त्यांच्या चालीत. सावकाश.

आणि भिंतीकडे तोंड केलेल्या कमळाबाईंनी, नकळत, त्यांच्या सुरात सूर मिळवला.

उर्वशीचे हात थांबले. दोन बायका एका लयीत गात होत्या, जराही मागेपुढे नाही. आणि माझी चाल त्यांच्या पुढं पुढं पळत होती. त्यांची एकदा संपायच्या आत माझी दुसरी सुरू व्हायची. तिनं लगेच धनराजला फोन लावला आणि फोन माझ्या शेजारी ठेवला.

"दादा, मशीन घाई करून राह्यली."

"मशीन घाई करत नाई, उर्वशी. माणूस करते. मी ड्युटीवर हाव, संध्याकाळी बोलतो."

"मग माय अन् इतवारीकाकू दोघी एकाच टायमाले चुकल्या का? ऐक." तिनं फोन खाटेकडे धरला, मग माझ्याकडे. "दोघी सारख्याच गातेत. हे डबडंच पुढं पळते."

डबडं! त्याला डबा आणि मला डबडं. मित्रांनो, हा शब्द मला अजून बोचतो.

पलीकडं यंत्रांच्या घरघरीत धनराजनं कान देऊन दोन्ही चाली ऐकल्या. मग धनराज म्हणाला, "उर्वशी, मी किती येडा हाव. माझ्या डोळ्यापुढं काटा हाय. दिवसभर त्याच्याकडंच पाहतो. पन्नासवर हाय."

"कशाचा काटा?"

"लाईटचा. आपल्या देशात वीज सेकंदाले पन्नासच्या हिशेबानं चालते. जुने टीव्ही बी सेकंदाले पन्नास चित्रं दाखवत, म्हणून आपला डबा बी पन्नासचा. दुसऱ्या काही देशात साठचा हिशेब. कॉम्प्युटरले कोनी सांगितलं नाई, म्हणून तो साठनं चालवून राह्यला. मायचा हात बरोबर होता, वं. आपला कोंबडाच पळत होता."

उर्वशीनं तोंडावर हात धरला.

त्यानं सांगितलं तसं तिनं माझ्यात आत आत जाऊन एक रकाना शोधला. कोणत्या देशाचा डबा, असा तो रकाना होता. तिथं 'आपोआप' असं होतं. तिनं ते बदललं. माझा पडदा एकदा मिटून उघडला.

काय सांगू तुम्हाला! मी साठच्या हिशेबानं धावणारा. माझा अभिमान काय होता, तर वेग. आणि आता मला त्या जळक्या डब्याच्या चालीनं चालायचं होतं. उंच माणसानं बुटक्याचं सोंग घेऊन गुडघ्यांवर रांगावं, तसं अंग अवघडलं माझं. चांगलं होऊन मी हरलो होतो. आता हळू होऊन बघायचं होतं.

कोंबडा डुलत डुलत निघाला. चाल वाजली.

कमळाबाई कुशीवर वळल्या. आधी पडद्याकडे पाहिलं, मग फळीवरच्या डब्याकडे. "हं," त्या म्हणाल्या, "आता आला आपला डबा."

"उठ ना, कमळे," इतवारीबाईंनी त्यांच्या पाठीला हात लावला. "कोंबडा तुह्या वाटेकडं पाहून राह्यला."

त्या उठून बसल्या. उर्वशीनं अंगठा बटणावर ठेवला. पहिला ओंडका आला. अंगठा थरथरला, दबला, आणि निरोप मला वेळेवर मिळाला. कोंबडा ओंडक्यावर. दुसरा. तिसरा. चौथ्यावर पडला.

कमळाबाईंनी स्वतःच पुन्हा सुरू केलं. त्या कोंबड्याला रागवायला लागल्या. "चाल ना बा! झोपला का?" आणि ऊन ओसरीवरून उतरायच्या आत त्यांनी पहिली नदी ओलांडली. मग हातातला रिमोट बाजूला ठेवून उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. जणू कुणी परगावचा माणूस अचानक दारात उभा राहावा.

"मेला नाई वं हा," त्या म्हणाल्या.

गुणवंतराव बांधीतून आले तेव्हा त्यांना कुणी काही सांगितलं नाही. ते भात कालवायला बसले, तर कमळाबाईंनी ताट आपल्याकडे ओढलं. घास निम्मा सांडला. गुणवंतराव उठून बाहेर गेले आणि बराच वेळ बैलाला थोपटत राहिले.

त्यानंतर रोज दुपारी मी चालू व्हायचो. अंगठ्यामागून तर्जनी सुटली, मग बाकीची बोटं. खेळता येतंय हे कळल्यावर कमळाबाईंनी चेंडूही स्वतःच मागून घेतला, तेलही लावून घेतलं. मी माझ्या परीनं सोंग वठवत राहिलो. एकदा वीज कमी-जास्त झाली तेव्हा मी बंद पडलो नाही, रेटून उभा राहिलो. एकदा फ्रंटएंडनं रुसून रिमोट ओळखायला नकार दिला, तेव्हा उर्वशीनं फोनवर विचारत विचारत तो पुन्हा ओळखीचा करून दिला. त्या कामात मी तिला जेवढी साथ देता येईल तेवढी दिली.

२०२४ सालच्या रोवणीला कमळाबाई बांधीवर गेल्या. सगळ्यांनी नको म्हटलं. त्या बांधावर बसतील असं ठरलं होतं, पण चिखलात उतरल्याच. इतवारीबाईंनी घरी येऊन सांगितलं, की कमळीनं उजव्या हातानं रोपांची एक पेंडी पूर्ण लावली आणि वर मलाच म्हणते, तुझी ओळ वाकडी आहे.

पुढं तपासणीला गडचिरोलीला गेल्यावर डॉक्टरांनी त्यांची बोटं उघडून मिटून पाहिली. खूश झाले. कोणता व्यायाम केला, विचारलं. हे मला उर्वशीनं घरी येऊन बापाला सांगितलं तेव्हा कळलं.

"तुही माय काय म्हणली?" गुणवंतरावांनी विचारलं.

"म्हणली, आमच्या डब्यानं केलं."

"अन् डॉक्टर?"

"त्यायले वाटलं, जेवणाचा डबा. म्हणले, हो, जेवण बी चांगलं पायजे."

बाप-लेक खूप हसले. मी तिथंच होतो. चालूच होतो. माझ्या पडद्यावर कोंबडा पहिल्या ओंडक्यासमोर उभा होता. कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, एवढी मोठी गोष्ट सांगून मी तुमच्याकडे फार काही मागणार नाही. थोडंच मागतो. घरातल्या यंत्राला दुसऱ्याचा ॲडॅप्टर लावण्याआधी त्यावर काय लिहिलं आहे ते वाचा. पंख्यातला कोंडा, धूळ वेळच्या वेळी काढा. यंत्र जुनं झालं म्हणून धानाच्या कोठीशी ढकलू नका. कधी ते तुमच्या माणसाच्या उपयोगी पडलं, तर त्याला फार काही नको असतं. नाव घ्यावं, एवढंच. आणि ज्यांचे हात आखडले आहेत, त्यांच्या हातावर लगेच खापर फोडू नका. कधी कधी हात बरोबर असतो आणि आपणच घाईत असतो. हे मला शिकायला पन्नासच्या चालीनं चालावं लागलं.

माझा हेवा गेला, असं सांगितलं तर ते खोटं होईल. तो डबा अजून माझ्यासमोर फळीवर आहे. जळका आहे, तरी रोज पुसला जातो. पुसणारे आता गुणवंतराव आहेत. ते मलाही पुसतात, पण नंतर.

कमळाबाई रविवारी, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, सकाळी चहा पिऊन झाल्यावर छातीत कळ येऊन वारल्या.